थंडीतले रविवार कुठे घालवता? (बंधारा, पक्षी, हुरडा, जे असेल ते लिहा)

रानजाई

मंडळी, पुण्यात थंडी पडली एकदाची. स्वेटर बाहेर निघालेत, घरभर डांबरगोळ्यांचा वास, आणि आमच्या ग्रुपवर "या रविवारी कोण कोण" सुरू झालंय. म्हटलं धागाच काढावा.

आम्ही काही ऑफिसवाले, काही रिटायर्ड आणि थोडी कॉलेजची पोरं असे मिळून पुरंदर तालुक्यातल्या एका वाडीत वनराई बंधारे बांधायला जातो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सिमेंटच्या नाहीतर खताच्या रिकाम्या गोण्या घ्यायच्या, त्यात माती, वाळू, मुरूम जे जवळ मिळेल ते भरायचं, तोंडं शिवायची आणि ओढ्यात आडव्या रचायच्या, बास. पाऊस संपल्यावर ओढ्याला जी बारीक धार वाहत असते ती अडते, आजूबाजूच्या विहिरी थोड्या जास्त दिवस टिकतात, गुरांना पाणी होतं, कुणाच्या हरभऱ्याला एखादं पाणी जास्त बसतं. पुढच्या पावसाळ्यात सगळं वाहून जातं आणि पुढच्या थंडीत पुन्हा पहिल्यापासून. मोहन धारियांच्या वनराई संस्थेनं हा प्रकार गावोगाव नेला म्हणून नाव तेच पडलंय.

हे काम थंडीतच होतं. लवकर बांधला तर परतीचा पाऊस घेऊन जातो, आणि जानेवारी उजाडल्यावर गेलात तर आमच्या भागात ओढाच कोरडा, मग अडवायचं काय? म्हणजे दिवाळी ते नाताळ एवढेच रविवार हातात, त्यातला एक सवाई गंधर्व महोत्सवाला जातो (जातोच, त्यावर चर्चा नको).

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी धागा काढला. आमच्यात एक काका आहेत, शिवणकामात एक नंबर, दाभण आणि सुतळी घेऊन बसले की मशीनसारखे गोण्या शिवतात. ते दर वेळी कुरकुरतात की निम्मी लोकं पोह्यांसाठी येतात. अहो मग येऊ देत की! सकाळी सहाच्या आत पांघरुणातून बाहेर पडून चाळीस किलोमीटर यायचं, ते "जलसंधारण" या शब्दासाठी कोण येणारे? गरम पोहे, वरून ओलं खोबरं, चहाचा दुसरा कप, ओढ्याकाठचं कोवळं ऊन आणि परतताना सासवडला अंजिरं, हे सगळं आहे म्हणून माणूस पुढच्या रविवारी परत येतो. मला तर वाटतं श्रमदान टिकतं ते नाश्त्यावर. नुसत्या कळकळीवर चाललेले ग्रुप दोन हिवाळ्यांत बंद पडलेले पाहिलेत मी.

तुमचं काय? थंडीत कुठे जाता, काय करता, नुसतं लोळत असाल तर तेही लिहा.

निफाडी

धागा छान, पण पहिलाच प्रतिसाद कडू देतोय, दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या). तुमच्याकडे थंडी म्हणजे अंजिरं आणि सवाई, आमच्याकडे निफाडला थंडी म्हणजे रात्रीची झोप गेली. पेपरात दरवर्षी फोटो येतो ना, "निफाड गोठलं, पारा अमुक अंशावर", शेकोटीभोवती कानटोप्या घातलेले म्हातारे, तो फोटो तुम्हाला गोड वाटतो. त्याच रात्री आम्ही द्राक्षबागेत असतो. पारा फार खाली गेला की मण्यांची फुगवण थांबते आणि पाणी उतरलेल्या (पिकायला लागलेल्या) मालाला तडे जातात. मग पहाटे ओळींच्या मधे पालापाचोळ्याच्या शेकोट्या पेटवायच्या, धूर बागेत फिरत ठेवायचा, विहिरीचं पाणी सोडायचं कारण जमिनीखालचं पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं. लाईट रात्रीची असेल तर ठीक, नाहीतर डिझेल.

पण एक सांगतो, अशा रात्री शेजारचा बोलवावा लागत नाही. ज्याची बाग अजून लहान आहे, माल नाही, तो सुद्धा येतो काटक्या घेऊन. याला कुणी व्हॉलंटिअरिंग म्हणत नाही आमच्याकडे, फोटोही कुणी काढत नाही.

आणि तोच गारठा गव्हाला लागतो हं. माझ्या चुलत्याचा गहू आहे, तो खुश. एकाच बांधाच्या अलीकडे शिव्या आणि पलीकडे आनंद.

शेकाट्या

निफाडी भाऊ, तुमच्याच तालुक्यात दरवर्षी येतो मी, नांदूरमध्यमेश्वरला. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं धरण, गाळ साचून साचून दलदल झाली आणि पक्ष्यांना ती आवडली. २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाली ती हीच, लोणार त्याच वर्षी नंतर आलं.

माझे जानेवारीतले रविवार पाणपक्ष्यांच्या गणनेचे. ही आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून चालू आहे आणि जवळपास सगळी हौशी लोकांच्या जिवावर. "मोजता कसं एवढे पक्षी" हे हमखास विचारतात, म्हणून लिहितो. थव्यातली दहा बदकं नीट मोजायची, ती दहा डोळ्यांत किती जागा घेतात ते बसवायचं, मग तेवढ्या तुकड्या थव्यावर सरकवत जायच्या. थवा मोठा असेल तर दहाऐवजी पन्नासाची तुकडी. एक जण दुर्बिणीतून बोलतो, दुसरा लिहितो, लिहिणाऱ्यानं मान वर करायची नाही. आणि हे सगळं अर्ध्यावर आलं की हमखास वरून मार्श हॅरियर (शिकारी पक्षी) फेरी मारतो, सगळं पाणी उडतं, आणि लिहिणारा विचारतो, "पुन्हा पहिल्यापासून का?" हो, पुन्हा पहिल्यापासून.

चापडगावच्या बाजूला मनोरे आहेत तिथून सूर्य पाठीमागे ठेवून बसलं की चक्रवाक, थापट्या, तलवार बदकं, वारकरी सगळे दिसतात. काळे, कपाळाला पांढरा टिळा, घोळक्यानं चालणारे, ते वारकरी. बोटं मात्र गोठतात. बोटं कापलेले हातमोजे घाला, पूर्ण हातमोज्यात दुर्बिणीचं चाक फिरत नाही.

पोह्यांच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. आमच्याकडे पोह्यांच्या जागी गावातल्या एका टपरीची मिसळ आहे आणि नवीन पोरं त्यासाठीच येतात. पण मोजतात बरं का नीट. मिसळ खाल्लेल्यानं मोजलेली बदकं कमी भरत नाहीत.

खडूफळा

नमस्कार. ३० वर्षं शिकवलं, त्यातली बरीच वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो, त्यामुळे लिहिल्यावाचून राहवेना. हिवाळी शिबिर आठवत असेल इथल्या अनेकांना. सात दिवस, एखादं दत्तक गाव, शाळेच्या खोल्यांत सतरंज्या, पहाटे थंड पाण्यानं अंघोळ (गरम पाण्याचा हंडा एकच आणि रांग मुलींची आधी), प्रभातफेरी, श्रमदान, दुपारी बौद्धिक, त्यात निम्मी मुलं बसल्याबसल्या झोपलेली, रात्री गावकऱ्यांसमोर पथनाट्य. दारूबंदीचं पथनाट्य बघायला पहिल्या रांगेत कोण बसायचं ते सांगायला नको.

धागाकर्तीच्या मताशी मात्र मी असहमत. खाण्यापिण्याला इतकं महत्त्व दिलं की कामाची सहल होते. मी पाहिलंय, शोषखड्डा अर्धा राहतो आणि फोटो पूर्ण होतात. आम्ही मुलांना सांगायचो की २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी असते, बाबा गावात शिरले की आधी हातात खराटा घ्यायचे, गाव झाडून काढायचे, जेवायचं नंतर. आधी काम, मग भाकरी. क्रम महत्त्वाचा.

पाटावरवंटा

सर, आदर आहे पण एक विचारू का, तुमच्या शिबिरात पोरं कशासाठी यायची? आम्ही तर सवलतीच्या मार्कांसाठी नाव घातलेलं. दोन वर्षांत २४० तास भरायचे आणि एक शिबिर, की झालं. पहिल्या दिवशी मी आणि माझा मित्र संध्याकाळची एसटी बघून पळून जायच्या तयारीत होतो. मग तिसऱ्या दिवशी त्या गावातल्या एका आजींनी आम्हाला चुलीजवळ बसवून बाजरीची भाकरी, तिळाची चटणी आणि लोणी घातलं, तेव्हापासून आम्ही दोघं फावडं सोडेनात. तर भाकरी आधी, काम मग, असंही होतं कधीकधी.

खडूफळा

:) मार्कांचं खरं आहे. २४० तासांच्या वह्या मीच तपासायचो, त्यात काय काय लिहिलेलं असायचं ते वेगळ्या धाग्यात.

दादरकर

मुंबईत थंडी? एसी वाढवला की. पण डिसेंबरचा रविवार असो नसो, ५ आणि ६ डिसेंबर आमच्या घरी ठरलेले. चैत्यभूमीला. आमचं मंडळ शिवाजी पार्कजवळ पाणी आणि नाश्त्याच्या स्टॉलवर असतं. राज्याच्या पार टोकाकडून, बाहेरच्या राज्यांतूनही माणसं येतात, हातात पिशवी, पायात साध्या चपला, रात्रभर रांगेत उभी. समता सैनिक दलाची लोकं रांग लावतात, त्यात कॉलेजच्या मुलीही असतात, आवाज खणखणीत. मुंबईची थंडी तुम्ही हसण्यावारी नेता पण समुद्राकडून पहाटे तीनला वारं येतं ना, तेव्हा मैदानात उघड्यावर झोपलेल्या लहान पोरांना लागतो गारवा.

मला आवडतं ते पुस्तकांचे स्टॉल. नाश्ता वाटून झाला की माझी ड्युटी संपते, मग मी तिथेच. माणसं येताना भाकऱ्या बांधून आणतात आणि जाताना पुस्तकांची पिशवी भरून नेतात. विदर्भातल्या एका काकांनी प्रत्येक पुस्तकाची मागची किंमत बघून, डोळे मिटून हिशोब करून, एक परत ठेवलं आणि मग स्टॉलवाल्यानंच ते त्यांच्या पिशवीत टाकलं, पैसे घेतले नाहीत. काही वर्षांपासून फुलांच्या ऐवजी "एक वही एक पेन" आणा असं आवाहन असतं, त्या वह्यांचे गठ्ठे उचलणं हे पण एक काम असतं बरं का, पाठ जाते.

पोह्यांच्या वादात मी नाही. आमच्याकडे वाढणारे आपणच, खाणारे दुसरे.

इवलुशी

थंडी आणि समाजसेवा म्हटलं की ब्लँकेट आलंच, कुणी अजून लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. मी एका सरकारी दवाखान्याच्या बाहेर, पेशंटच्या नातेवाइकांसाठी रात्री चहा-बिस्किटं देणाऱ्या ग्रुपमध्ये आहे. शहराचं नाव घेत नाही. कडाका पडला, पेपरात बातमी आली की त्याच आठवड्यात चार-चार गाड्या येतात ब्लँकेटं घेऊन. झोपलेल्या माणसाला उठवून, हातात ब्लँकेट देऊन, फोटो. एका बाईला एका रात्रीत तीन मिळाली, ठेवायला जागा नाही, सकाळी सिक्युरिटीवाला ओरडणार म्हणून तिनं दोन आमच्याकडे आणून दिली. आणि ती ब्लँकेटं अशी पातळ की पलीकडचा दिवा दिसतो.

त्या लोकांना काय हवं असतं ते त्यांच्याशेजारी बसल्यावर कळतं. पुसून घ्यायला गरम पाणी. मोबाईल चार्ज करायला जागा, कारण वॉर्डातून फोन येणार असतो. चपला. रक्त कुठे मिळतं ते सांगणारा माणूस. एका आजोबांना फक्त हवं होतं की कुणीतरी पंधरा मिनिटं त्यांच्या सामानाजवळ बसावं म्हणजे ते संडासला जाऊन येतील.

द्या, ब्लँकेटं जरूर द्या, पण जाड द्या आणि आधी विचारून द्या. झोपलेल्याला उठवू नका हो.

भरीतवाला

इवलुशी ताई, एकदम बरोबर बोलल्या.

आता थोडं हलकं. आम्ही जळगावकडचे, आमच्याकडे थंडीतला रविवार म्हणजे शेतात भरीत पार्टी. बामणोदकडची मोठी, पांढरट-हिरवी वांगी, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची (गॅसवर भाजलेलं भरीत भरीतच नाही, भांडायचं असेल तर भांडा). साल काढून ठेचायचं, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, तेल सढळ. सोबत कळण्याची भाकरी नाहीतर पुरी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, म्हणजे सरकारनंही मान्य केलंय.

समाजसेवा म्हणाल तर कपाशी उपटल्यावर उरलेल्या पऱ्हाट्या गावातल्या ज्याला चुलीला लागतात त्याला आधी देतो, उरल्यावर पार्टी. तेवढंच आपलं.

आगटी

पार्टीवरून आठवलं. मी सोलापूरकडचा, ज्वारीच्या पट्ट्यातला. हुरड्याचं जे झालंय ना ते बघवत नाही. मनगटाला पट्टी बांधून प्रवेश, डीजे, रेन डान्स (थंडीत!), उंटावरची फेरी आणि एका कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या डिशमध्ये दोन मुठी हुरडा, तोही निवलेला. अरे हुरडा आगटीजवळ बसून खायचा असतो. जमिनीत छोटा खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, कणसं त्यात खुपसायची, बाहेर काढून हातानं चोळायची, चोळणाऱ्याचे तळवे काळे आणि लाल दोन्ही होतात. फुंकर मारून तूस उडवलं की तुमच्या हातात. मागे लसणाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. दहा मिनिटांत खाल्ला नाही तर चिवट होतो, म्हणून तो शहरात पॅक करून नेण्यात काही अर्थ नाही.

पूर्वी गूळभेंडी, सुरती असलं बी घरचं असायचं, हुरड्यासाठी दोन-चार तास (ओळी) मुद्दाम पेरायचे. आता राहुरी विद्यापीठाचे फुले उत्तरा, फुले मधुर हे वाण आहेत खास हुरड्याचे, चांगले आहेत, दाणा सुटतो लवकर. उगाच जुनं ते सोनं म्हणणार नाही.

बाकी ज्याच्या पोटाला तो पैसा मिळतोय त्याला मी नावं ठेवत नाही. धान्य म्हणून विकण्यापेक्षा हुरडा म्हणून विकला तर शेतकऱ्याच्या हातात जास्त पडतात. फक्त डीजे बंद करा राव.

गावातलाच

बरेच दिवस नुसता वाचतो इथे, आज लिहितोय. आमचं गाव पण असंच, रविवारी शहरातून ग्रुप येतात. रानजाई ताई, तुमच्या ग्रुपबद्दल मला माहीत नाही, पण एक प्रश्न. ते पोहे कोण करतं?

आमच्या गावात एक ग्रुप येतो, माणसं चांगली आहेत, काम करतात. पण त्यांच्या नाश्त्यासाठी माझी आई आणि दोन वहिन्या पहाटे पाचला उठून चूल पेटवतात, चाळीस माणसांचे पोहे, चहा, दुपारी पिठलं भाकरी. "गावचं जेवण किती चविष्ट" म्हणून कौतुक होतं, एक फोटोही. त्या दिवशी त्यांची शेतातली खुरपणी राहते. श्रमदान नक्की कुणाचं झालं सांगा.

दुसरं म्हणजे दहा वाजता येता, अकराला कामाला लागता, एकला उन्हं लागली म्हणून थांबता. आम्ही हिवाळ्यात सातला ओढ्यावर असतो कारण नंतर शेतात जायचं असतं. रिकाम्या गोण्या पाठवल्यात ना चांगल्या दोनशे-तीनशे, न फाटलेल्या, तर बंधारा आम्ही पण बांधतो. आमच्याकडे हात आहेत, गोण्या नाहीत. राग मानू नका.

रानजाई

गावातलाच, राग कसला, हाच प्रतिसाद मला हवा होता. पोहे आमचे आम्ही करतो. शेगडी, सिलेंडर, पातेलं, कांदे चिरून घरून, सगळं गाडीत. करतात तेच कुरकुरणारे काका, आणि त्यांच्या हाताखाली त्या दिवशी जो उशिरा आला तो. हा नियम आमच्यात पहिल्यापासून आहे आणि तो घातला ते एका वहिनींनी, ज्या स्वतः खेड्यातून पुण्यात आल्यात आणि ज्यांना माहीत होतं की पाहुणे आले की गावात कोण राबतं. वाडीतल्या बायका आमच्यासोबत पोहे खायला येतात, करायला नाही. त्यांनी आणलेला ठेचा मात्र आम्ही नाही म्हणत नाही.

वेळेचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं, साडेसातच्या पुढे येणाऱ्याला आम्ही कांदे देतो (वर आलंच).

गोण्यांबद्दल: बांधकामाच्या साईटवर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या भंगारवाल्याकडे जातात, कॉन्ट्रॅक्टरला आधी सांगून ठेवलं तर तो बाजूला ठेवतो. फक्त कामगारांना सांगायला लागतं की पिशवी मधून फाडू नका, वरची कड कापा. उन्हात पडलेल्या घेऊ नका, महिनाभरात उन्हानं कुजतात आणि हात लावला की भुगा.

आणि खडूफळा सर, क्रम महत्त्वाचा हे मान्य, आमच्याकडेही अर्धी रांग रचून झाल्याशिवाय शेगडी पेटत नाही.

वालाचीशेंग

अलिबागकडून हजेरी. हुरडा झाला, भरीत झालं, पोपटी कशी राहिली? वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे सुरू. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला (हा शेताच्या बांधावर आपोआप उगवतो, वास उग्र, पण तोच तर मसाला), त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, मग अंडी, मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात गुंडाळून, परत शेंगा, वरून पाला गच्च कोंबायचा. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, काटक्या लावून जाळ. झालं की नाही ते बघायला मडक्यावर पाणी शिंपडायचं, चुर्र होऊन लगेच उडालं तर झालं. उलटं करून केळीच्या पानावर ओतलं की सगळी पोरं तोंड भाजून घेतात, कितीही सांगा.

आमच्या आजोबांच्या वेळी खारबांधाला (भरतीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला) खांड गेली, म्हणजे तो फुटला की घरटी एक माणूस ठरलेला, चिखल काढायला, आणि ज्याच्या घरचा माणूस नाही आला त्याला गावात ऐकवायचे. आता खारभूमी खातं बघेल म्हणून सगळे घरी. भरतीचं पाणी खात्याची वाट बघत नाही हा भाग वेगळा, एकदा खारं पाणी शिरलं की त्या शेताला पुढे काही वर्षं भात नीट येत नाही. म्हणून बंधारा म्हटलं की मला बरं वाटतं, कुठलाही असो.

बर्फाळबाबा

कॅलगरीहून नमस्कार. बाहेर उणे २३ आहे, तुमचा धागा वाचून हुरडा आठवला आणि फार वाईट वाटलं.

इथे नियम आहे, बर्फ थांबल्यावर २४ तासांत घरासमोरचा फुटपाथ साफ करायचा, नाहीतर तक्रार होऊन शहर साफ करवून घेतं आणि बिल तुम्हाला. म्हाताऱ्या माणसांना हे जमत नाही, म्हणून शहराचाच "स्नो एंजल्स" नावाचा उपक्रम आहे, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांचा बर्फ काढा. माझ्या शेजारी एक एकट्या बाई आहेत, त्यांचा फुटपाथ मी काढतो. ताजा भुसभुशीत असेल तर काही नाही, फावडं ढकललं की झालं. पण इथे चिनूक वारं येतं, काही तासांत पारा पंधरा-वीस अंशांनी चढतो, सगळं वितळतं आणि रात्री परत गोठून काच होते. मग लोखंडी पहार घेऊन फोडायचं. पाठीला काय होतं ते दादरकरांना माहीत आहे.

त्या बाई बदल्यात बनाना ब्रेड देतात. आधी मी नको नको म्हणायचो, आपल्याकडची सवय. मग बायको म्हणाली घ्या हो, घेतलं नाही तर त्या पुढच्या वेळी सांगणार नाहीत आणि स्वतः पडतील. तेव्हापासून घेतो. तर रानजाईंचे पोहे इथे पण लागू.

संक्रांतीचं हळदीकुंकू इथे कम्युनिटी हॉलमध्ये असतं. बायका पैठणीवर जाडा कोट आणि खाली स्नोबूट घालून येतात, दारात बसून बूट काढून पिशवीतल्या चपला घालतात, दाराशी बुटांचा असा ढीग की जाताना अर्धा तास आपापला बूट शोधण्यात. तिळाचे लाडू इथल्या कोरड्या हवेत दगड होतात, पाक जरा सैल ठेवा.

निफाडी

बर्फाळबाबा, उणे २३ ला द्राक्षं लावू नका :)

शेकाट्या, यंदा गणनेला आलात की घरी या, बाग दाखवतो. आणि धागाकर्त्या ताई, माझी पहिली पोस्ट जरा तिखट झाली, पण काढत नाही, कारण खरीच आहे. पेपरातल्या शेकोटीच्या फोटोला लाईक करताना बागेतल्या शेकोटीची पण आठवण ठेवा एवढंच.

शेकाट्या

नक्की येतो. अवांतर: ज्यांना नांदूरमध्यमेश्वरपर्यंत यायला जमत नाही त्यांनी फेब्रुवारीत चार दिवसांची परसदारची पक्षीगणना असते ती करा. घराच्या गॅलरीतून, किमान पंधरा मिनिटं, दिसतील ते पक्षी मोजून ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकायचे. कावळे, साळुंक्या, बुलबुल, सगळं चालतं. लोकं कावळे लिहायला लाजतात, लाजू नका.

पाटावरवंटा

रानजाई, पुढच्या रविवारी पुण्यात आहे. येऊ का? संकष्टी आहे पण, पोहे चालणार नाहीत.

रानजाई

ये की. काकांना सांगते, साबुदाणा रात्रीच भिजवतील, कुरकुर करतच. सहाला स्वारगेट, गाडीत दोन जागा आहेत. येताना जुना फुल बाह्यांचा शर्ट, वर दुसरा शर्ट (आठनंतर काढता येतो), पाण्यात चालतील अशा चपला. हातमोजे असतील तर आण, गोणीच्या धाग्यानं बोटं कापतात. गोणी काठोकाठ भरायची नाही, वर वीतभर मोकळी ठेवून शिवायची म्हणजे ती खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर नीट बसते, नाहीतर मधून पाणी सुटतं. बाकी तिथे काका शिकवतील.

गावातलाच, तुमच्या गावाचं नाव आणि रस्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आमच्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे सव्वाशेच्या आसपास गोण्या पडून आहेत, वरून कापलेल्या आणि शेडमध्ये ठेवलेल्या. माणसं पाठवत नाही, गोण्याच पाठवते.